कामाच्या ठिकाणचे नेतृत्व आणि भिक्खुसंघाची कार्यपद्धती

गेल्या वर्षावासात दर रविवारी सायंकाळी विहारात ग्रंथवाचन चालू असताना व्यवस्थापनशास्त्राचे शिक्षण घेणाऱ्या आपल्या एका विद्यार्थ्याने प्रश्न विचारला. त्याच्या अभ्यासाच्या पुस्तकात असे दिले होते की, उद्योगातील नेतृत्व वरच्या चार-दोन अधिकाऱ्यांपाशी साठवून न ठेवता प्रत्येक पातळीवरील कर्मचाऱ्यांत वाटले पाहिजे. पुस्तकातील सगळी उदाहरणे जपान-अमेरिकेची होती. त्याने विचारले, "सर, आपल्याकडे हे कोणी कधी केलंच नाही का?" त्या दिवशी वेळ अपुरा होता आणि माझी तयारीही नव्हती. तेव्हा देता न आलेले उत्तर संस्थेच्या स्मरणिकेच्या निमित्ताने सभासद बंधू-भगिनी आणि विद्यार्थी यांच्यापुढे ठेवीत आहे.

प्रथम शब्दाचा खुलासा केला पाहिजे. नेतृत्व म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पुढारी उभा राहतो. पांढरे कपडे, गळ्यात हार आणि हातात माईक. इथे तो अर्थ अभिप्रेत नाही. कामाच्या ठिकाणी नेतृत्व म्हणजे आपल्या कामापुरता निर्णय घेण्याचा अधिकार, त्या निर्णयाचा जाब देण्याची जबाबदारी आणि चूक होताना दिसली तर ती वरच्याला सांगण्याचा हक्क. या तीन गोष्टी एकत्र असल्या तरच नेतृत्व वाटले असे म्हणता येईल. नुसती जबाबदारी खाली ढकलली आणि अधिकार वर ठेवला, तर त्याला काम लादणे म्हणतात. असे लादलेले काम आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केलेले आहे.

तिसरी गोष्ट, म्हणजे बोलण्याचा हक्क, किती महत्त्वाची आहे ते मी तरुणपणी कोल्हापूरजवळच्या एका फौंड्रीत नोकरीस असताना पाहिले. साचे घालण्याच्या कामावर एक वयस्कर मदतनीस होता. मूठभर वाळू दाबून पाहिली की तिच्यात पाणी किती आहे हे त्याला समजे. एके दिवशी तो म्हणाला, "वाळू ओली लागतीया." सुपरवायझरने त्याला हटकले, "तू साचा घाल, वाळूचं आम्ही बघतो." वाळूत ओल जास्त असली की ओतलेल्या रसाच्या उष्णतेने तिची वाफ होते, ती वाफ धातूत अडकते आणि कास्टिंगमध्ये पोकळ्या राहतात. त्या पाळीचा बराच माल नापास झाला. नुकसान कोणाच्या नावावर पडले हे सांगावयास नको. त्यानंतर त्या माणसाने वाळूविषयी पुन्हा तोंड उघडले नाही. मला आजही वाटते की कारखान्याचे खरे नुकसान नापास मालापेक्षा त्या गप्प बसण्याने झाले. मी तिथेच उभा होतो आणि मीही बोललो नाही, हेही लिहून ठेवतो.

जपानच्या टोयोटा कंपनीने मोटारी जोडण्याच्या रांगेवर एक दोरी बांधली. दोष दिसला की कोणत्याही कामगाराने ती ओढावी. दोष वेळेत दूर झाला नाही तर सगळी रांग थांबते. विद्यार्थ्याच्या पुस्तकात हे उदाहरण होते आणि ते चांगलेच आहे. परंतु चूक दाखविण्याचा अधिकार सर्वांत धाकट्यालाही असावा, हा विचार त्या दोरीपेक्षा सुमारे अडीच हजार वर्षे जुना असून तो आपल्या धम्मात आहे.

संघात अधिकार कसा वाटला होता

दि. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील अखेरच्या मोठ्या भाषणात परमपूज्य बाबासाहेबांनी सांगितले की संसदीय कार्यपद्धती भारताला अपरिचित नव्हती. बैठकीची व्यवस्था, ठराव, गणसंख्या, मतमोजणी, गुप्त मतदान या सर्वांचे नियम भिक्खुसंघात होते. या भाषणाचा उल्लेख आपण राज्यकारभाराच्या संदर्भात नेहमी करतो. कामाच्या व्यवस्थेच्या दृष्टीने आपण त्याकडे पाहिलेले नाही. वास्तविक संघ हे शेकडो माणसांचे एक चालते कामकाज होते. निवासाची सोय, भोजनाचे वाटप, चीवराचे कापड स्वीकारणे, साठविणे व वाटणे आणि विहाराचे बांधकाम, एवढा व्याप होता. हे सर्व कोणी एक महाथेर पाहत नसे.

विनयपिटकात या प्रत्येक कामासाठी वेगवेगळा भिक्खू नेमण्याचा विधी दिला आहे. निवास लावून देणारा वेगळा, भोजनाची वाटणी करणारा वेगळा, भांडाराचा वेगळा, चीवर स्वीकारणारा वेगळा आणि ते वाटणारा आणखी वेगळा. ज्याच्या हाती माल येतो त्याच्याच हाती वाटप राहत नाही, ही गोष्ट हिशेब पाहणाऱ्या सभासदांनी लक्षपूर्वक वाचावी. नेमणुकीची पात्रता जन्मावर किंवा ज्येष्ठतेवर नव्हती. तो पक्षपाताने, द्वेषाने, मोहाने किंवा भयाने वागणारा नसावा आणि कामाची माहिती असलेला असावा, एवढेच पाहिले जाई. भांडाराच्या कामासाठी काय ठेवले आणि काय नाही, हे ज्याला समजते तो पात्र.

नेमणूक करण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. प्रथम त्या भिक्खूला विचारावयाचे. त्याची तयारी असेल तर संघापुढे प्रस्ताव मांडावयाचा. त्याला ञत्ति म्हणतात. मग तो जाहीर करावयाचा. ज्याला मान्य आहे त्याने मौन पाळावे, ज्याला मान्य नाही त्याने बोलावे. साध्या कामाला एक घोषणा पुरे, उपसंपदेसारख्या मोठ्या कामाला तीन वेळा. बहुतेक कामांना किमान चार भिक्खू उपस्थित असावे लागत. मध्यदेशात उपसंपदेसाठी दहा लागत, दूरच्या सीमाप्रदेशात पाच चालत. जो आजारी आहे त्याने आपली संमती दुसऱ्याच्या हाती पाठवावयाची. एकमत झाले नाही तर शलाका, म्हणजे लाकडी काड्या, वाटून मते घ्यावयाची आणि काड्या वाटणारा भिक्खूसुद्धा वर सांगितलेल्या चार दोषांपासून मुक्त असावयाचा.

ज्येष्ठांचा मान मात्र कमी केलेला नव्हता. ज्याची उपसंपदा आधी झाली त्याला धाकट्याने वंदन करावे, हा नियम होता. मान ज्येष्ठाला मिळे. निर्णय मात्र संघाचा असे. आपल्याकडे या दोहोंची गल्लत होते. साहेबाला मान द्यावयाचा म्हणून त्याच्यापुढे चूकही सांगावयाची नाही, असे आपण धरून चालतो.

दब्ब मल्लपुत्त या भिक्खूची हकीकत विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचावी. संघाची काही सेवा करावी म्हणून त्याने निवास व भोजन यांच्या व्यवस्थेचे काम आपण होऊन मागितले. भगवंतांनी त्याला परस्पर नेमले नाही, संघाकडून रीतसर निवडावयास सांगितले. त्याने निवासाची व्यवस्था अशी लावली की सुत्ते पाठ करणारे एकत्र राहतील, विनयाचा अभ्यास करणारे एकत्र आणि ध्यान करणारे एकत्र, म्हणजे एकाचा दुसऱ्याला व्यत्यय होऊ नये. हा निर्णय त्याचा स्वतःचा होता. आजच्या भाषेत यालाच खालच्या पातळीवरचे नेतृत्व म्हणतात.

पण हकीकत इथे संपत नाही. आपल्याला निकृष्ट निवास व निकृष्ट भोजन मिळाले म्हणून काही भिक्खू रागावले आणि त्यांनी दब्बावर गंभीर स्वरूपाचा खोटा आळ आणविला. संघाने सर्वांसमक्ष चौकशी केली आणि त्याला निर्दोष ठरविले. यासाठी विनयात स्वतंत्र विधी आहे. अधिकार वाटला की अधिकार वापरणाऱ्यावर लोक नाराज होणार, हे इथे गृहीत धरले आहे. साध्या मुकादमाने किंवा गटप्रमुखाने कोणाला गैरसोयीची पाळी लावली की तक्रार थेट मालकाकडे जाते आणि मालक त्या गटप्रमुखाला तोंडघशी पाडतो. पुढच्या वेळी तो कशाला निर्णय घेईल? तेव्हा अधिकार देणे जितके आवश्यक, तितकेच तो वापरणाऱ्याला रीतसर संरक्षण देणे आवश्यक. व्यवस्थापनाच्या पुस्तकात हा भाग मला फारसा आढळला नाही.

उपालीविषयी आपण सर्व जाणतो. शाक्य कुमार प्रव्रज्येसाठी आले तेव्हा त्यांचा न्हावी उपाली याला त्यांच्या आधी दीक्षा देण्यात आली, जेणेकरून कुमारांनी त्याला वंदन करावे. हीच कथा आपण समतेचे उदाहरण म्हणून सांगतो आणि तिथेच थांबतो. त्यापुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. उपाली विनयाचा सर्वांत मोठा जाणकार झाला आणि राजगृहाच्या पहिल्या संगीतीत अध्यक्ष महाकाश्यपांनी विनयासंबंधीचे सगळे प्रश्न त्यालाच विचारले. ज्याला जे येते त्या विषयात शब्द त्याचा, मग अध्यक्षस्थानी कोणीही असो.

आणि खुद्द शास्त्याचे स्थान? देवदत्ताने संघाची सूत्रे आपल्या हाती मागितली तेव्हा भगवंतांनी सांगितले की मी सारिपुत्त व मोग्गल्लान यांच्याकडेही संघ सोपविणार नाही. महापरिनिर्वाणाच्या वेळीही उत्तराधिकारी नेमला नाही. पुढे मगधाचा महामंत्री वस्सकार याला याचे नवल वाटले. प्रमुखावाचून हे लोक एकत्र राहतात कसे? आनंदाने उत्तर दिले की आम्ही निराधार नाही, धम्म आमचा आधार आहे. एका क्षेत्रातील सर्व भिक्खू उपोसथाला एकत्र जमतात, नियमांचे पठण करतात आणि ज्याची चूक असेल त्याला नियमाप्रमाणे वागवतात.

एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद करतो. परंपरेने भिक्खुणीसंघावर आठ वेगळे नियम घातले आणि त्यांत भिक्खुणीला भिक्खूच्या खाली ठेवले. ते नियम मूळचे की मागाहूनचे, यावर विद्वानांत मतभेद आहेत. कसेही असो, स्त्रियांच्या बाबतीत ही वाटणी पुरी झाली नाही. पुढे येणारे उदाहरण स्त्रियांचेच आहे, म्हणून हे सांगितले.

गिरणी, रेल्वे आणि कायदा

आता आधुनिक काळाकडे वळू. मुंबईच्या कापडगिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. धोट्यातील कांडी बदलताना सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, म्हणजे विटाळ झालाच. चांगला पगार विणकामातच होता. रेल्वेत हीच गत. दि. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. तिच्यापुढे बोलताना बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले आणि आपला माणूस गँगमन म्हणून लागतो व गँगमन म्हणूनच राहतो, त्याला पोर्टरही होता येत नाही, हे उघड केले. कारण असे की पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागत. ही शिवाशीव वरच्या साहेबांपुरती नव्हती, सोबतच्या कामगारांतही होती. कर्मचाऱ्यांत नेतृत्व वाटा असे नुसते म्हटले आणि कर्मचाऱ्यांतच जातीची उतरंड शिल्लक राहिली, तर वाटणी वरच्या दोन पायऱ्यांवर संपते, हा मनमाडचा धडा आहे.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. सरकार, मालक व कामगार या तिघांना एका टेबलाशी बसविणाऱ्या त्रिपक्षीय परिषदांचे काम त्यांच्या कारकिर्दीत मार्गी लागले. १९४३ साली त्यांनी कामगार संघटनांना मान्यता देणे मालकांवर बंधनकारक करणारे विधेयकही मांडले. पुढे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यासाठी कार्यसमितीची तरतूद झाली. १९७५ साली खातेवार मंडळे व संयुक्त मंडळे यांची योजना आली. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने कलम ४३-क घालण्यात आले आणि व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग हे राज्याचे एक मार्गदर्शक तत्त्व ठरले. १९९० साली सहभागाचे विधेयक संसदेत मांडले गेले. त्याचा कायदा झाला नाही.

म्हणजे कागद कमी नाहीत. तरी अनेक ठिकाणी कार्यसमितीची बैठक कँटीनची भाजी आणि गणवेशाचे कापड यांपलीकडे जात नाही. वाळू ओली आहे की कोरडी, हा विषय तिच्यापुढे येतच नाही.

सात बहिणी आणि ऐंशी रुपये

विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर मुंबईत गिरगावात आहे. दि. १५ मार्च १९५९ रोजी सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटावयास सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली. हीच पुढे 'श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड' ही संस्था झाली. आज तिच्यात चाळीस हजारांहून अधिक स्त्रिया आहेत. त्या बहुतेक गुजराती भाषक होत्या, आपल्या समाजाच्या नव्हत्या. पण धडा घ्यावयास ती अडचण नाही.

पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक बाज आणि एक स्टोव्ह घेतला. बाजेवर पापड पसरावयाचे, खाली स्टोव्ह पेटवावयाचा; पापड पावसात वाळू लागले. मला ही युक्ती फार आवडते. ज्यांच्या हातात ओला पापड असतो त्यांच्याच हातात निर्णय असला, की उपाय किती जवळचा व स्वस्त सापडतो!

संस्थेची रचना पाहा. सभासद फक्त काम करणाऱ्या बहिणी. बाहेरच्या भांडवलदाराला जागा नाही. तोटा आला तरी कोणाची देणगी घ्यावयाची नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच ठरविले. शाखेची संचालिका सभासद बहिणींतूनच येते. एकवीस बहिणींची व्यवस्थापन समिती सर्व कारभार पाहते. नफा-तोट्यात सगळ्या सारख्या वाटेकरी. पीठ शाखेत मळले जाते, बहिणी घरी नेऊन पापड लाटतात, परत आणल्यावर त्यांची तपासणी होते आणि मजुरी मिळते. तपासणीत पापड नाकारला गेला तर तो मालकाने नाकारला असे होत नाही, कारण मालक तीही आहे आणि हीही आहे. लाटण्याची रोजची कमाई फार मोठी नाही, हेही खरे. ज्यांना याबद्दल टीका करावयाची असेल त्यांनी जरूर करावी. तथापि शाळा फारशी न शिकलेल्या बायका शेकडो कोटींचा व्यवहार कसा चालवतील, या शंकेचे उत्तर या संस्थेने साठ वर्षांहून अधिक काळ चालून दिले आहे.

आपल्या लोकांच्या अधिक जवळचे उदाहरण पुण्याचे आहे. तेथे कचरा वेचणाऱ्या स्त्रियांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' १९९३ साली स्थापन झाली. यांत बहुसंख्य दलित. त्यातून पुढे 'स्वच्छ' ही कामगारांच्याच मालकीची सहकारी संस्था निघाली आणि २००८ साली तिने पुणे महानगरपालिकेशी घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार केला. कचराकुंडीपाशी उभे राहिले म्हणून ज्यांना हाकलले जाई, त्याच बाया आता संचालक मंडळात बसून महापालिकेच्या अधिकाऱ्यांशी बोलणी करतात.

यशाची उदाहरणे तेवढी सांगितली तर अभ्यास पुरा होत नाही. कुर्ला येथील कमानी ट्यूब्ज हा तांबे व तत्सम धातूंच्या नळ्या करणारा कारखाना मालकांच्या आपसातील भांडणांमुळे व तोट्यामुळे १९८५ साली बंद पडला. सुमारे सहाशे कामगारांनी तो स्वतः चालविण्याची योजना मांडली. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने तिला मान्यता दिली आणि १९८९ पासून कामगारांच्या सहकारी संस्थेने कारखाना हाती घेतला. कामगारांनी स्वतःची शिल्लक घातली, कमी पगार पत्करला. देशभर कौतुक झाले. पण खेळते भांडवल कायम अपुरे राहिले आणि नव्वदीच्या दशकाच्या मध्यापासून कारखाना घसरणीस लागला. पैशाची टंचाई हे मोठे कारण आहेच. माझ्या मते आणखी एक कारण आहे. मालकी सर्वांची झाली, तरी यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाचा दिवस फारसा बदलला नाही. मालकाच्या जागी संघटनेचे पुढारी आले आणि कामगार पूर्वीप्रमाणेच वर पाहत राहिला. बहिणींच्या शाखेत जी वाटणी रोज पिठाबरोबर होते, ती इथे वर्षातून एकदा मतपेटीत होत असावी. कोणाचा दोष काढण्यासाठी हे लिहीत नाही. एवढे धाडस करणारे कामगार आपल्या आदरास पात्र आहेत.

आपल्या जिल्ह्यात

कोल्हापूर जिल्हा सहकाराचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. त्यामुळे कोणी म्हणेल, आपल्याकडे तर घरोघरी हे आहेच. नीट पाहावे. साखर कारखान्याचा सभासद ऊस पिकविणारा असतो, दूध संघाचा पाया दूध घालणारा असतो. मत त्यांना आहे आणि ते योग्यच आहे. परंतु गव्हाणीवर, बॉयलरवर काम करणारा कामगार त्या मतदारयादीत कामगार म्हणून येत नाही. ऊसतोड करणाऱ्याचे तर नावच नाही. आपल्या समाजाकडे जमीन थोडी, म्हणून ऊस थोडा, म्हणून भागही थोडे. सहकार आला आणि आपला माणूस पुन्हा कामाच्याच बाजूला राहिला. म्हणून सहकार आणि कर्मचाऱ्यांचे नेतृत्व या दोन गोष्टी वेगळ्या समजाव्यात.

शिस्त मोडेल, निर्णयाला वेळ लागेल, अशी शंका नेहमी घेतली जाते. ती खोटी नाही. आग लागली असता ञत्ति मांडीत बसता येत नाही. रात्री आंबा घाटातून एस. टी. नेणारा चालक गाडी थांबवावी की नाही याची सभा घेत नाही. पण धुके पाहून गाडी बाजूला घेण्याचा निर्णय तो तिथल्या तिथे घेतो, तेव्हा ते नेतृत्वच असते. उशीर झाला म्हणून उद्या आपल्याला नोटीस मिळणार नाही, अशी त्याला खात्री हवी. कोणते निर्णय एकट्याचे, कोणते गटाचे आणि कोणते सर्वांचे, हे आधी ठरलेले असले की वेळ जात नाही. संघातही एका घोषणेची कामे वेगळी होती आणि तीन घोषणांची वेगळी.

नोकरी करणाऱ्या सभासदांनी एक तरतूद ध्यानात ठेवावी. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनुसार, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, वीस किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक आस्थापनेत तक्रार निवारण समिती असली पाहिजे. तिच्यात मालकाचे व कामगारांचे प्रतिनिधी समसमान असावेत, एकूण दहापेक्षा जास्त नसावेत आणि अध्यक्षपद एक वर्ष मालकाकडे तर एक वर्ष कामगारांकडे असे आळीपाळीने फिरावे. स्त्री कामगारांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावयाच्या आहेत. शिवाय कामगार प्रतिनिधींपैकी निम्म्याहून अधिक जणांची संमती नसेल तर बहुमताचा निर्णयही निर्णय धरला जात नाही. आपल्या कामाच्या ठिकाणी ही समिती आहे का, तिच्यात आपण कोणाला पाठविले आहे, त्याला टिपणी लिहिता येते का, हे विचारावे. टिपणी लिहावयास शिकविणे हे काम आपली संस्था रविवारच्या वर्गात करू शकेल.

शेवटी संघातील एका विधीचा उल्लेख राहिला. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो, त्या दिवशी पवारणा होते. प्रत्येक भिक्खू, अगदी सर्वांत ज्येष्ठसुद्धा, इतरांना विनंती करतो की माझी काही चूक तुम्ही पाहिली असेल, ऐकली असेल किंवा तुम्हाला तशी शंका असेल तर सांगा. संयुत्तनिकायात असे सांगितले आहे की स्वतः भगवंतांनीही भिक्खूंना आपल्या वागण्याबोलण्यातील दोष सांगण्यास विचारले होते. प्रमुखाने विचारल्याशिवाय खालचा बोलणार नाही, हे ओळखूनच हा विधी घातलेला दिसतो.

त्या विद्यार्थ्याच्या आग्रहावरून गेल्या आश्विन पौर्णिमेला विहारात आम्ही हा प्रयोग केला. कार्यकारिणीचे आम्ही सगळे सतरंजीवर सभासदांसमोर बसलो आणि अध्यक्षांनी हात जोडून विचारले. बराच वेळ कोणीच बोलेना. कोणी छताकडे पाहत होते, कोणी मुलांना गप्प करत होते. मग मागच्या भिंतीशी बसलेल्या एका आजी म्हणाल्या, "हिशोब वाचतासा खरं, पर पळवत वाचतासा. आमास्नी कळायचं कसं?" हिशेब मी वाचतो. पुढच्या महिन्यापासून तो आधी फळ्यावर लिहिला जातो आणि दहावीत शिकणारी एक मुलगी तो वाचते. ती प्रत्येक रकमेपाशी थांबते आणि मान वर करून मागच्या भिंतीकडे बघते.